तळाची कॅसेट

शेपटीला हे नाव तिच्या दादानंच ठेवलं होतं. लहानपणी तो जाईल तिथं ही मागे. तो झाडावर, तर ही झाडावर. तो तापानं आडवा, तर दोन दिवसांत हिचंही अंग गरम. पुढे त्यानं डूम मेटलचा बँड काढला, तर हिनं बेस गिटार गळ्यात अडकवली. डूम मेटल म्हणजे काय रे बाबा, असं आईनं विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, भूकंप असतो ना, तो सावकाश वाजवायचा. आईनं कपाळाला हात लावला होता.

बँडमध्ये चौघं. दादा गायचा. गिटारवर मास्तर, म्हणजे शाळेतला खराखुरा गणिताचा मास्तर. शिंक आली तरी वहीत लिहून ठेवणारा. ड्रमवर बेकर, ज्याच्या कानात कायम पीठ असायचं. त्याच्या दोन ठोक्यांच्या मधे माणसाचा चहा पिऊन होतो, असं लोक म्हणत, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. चौथी शेपटी. ती आठवडाभर दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची आणि रविवारी सकाळी सरावाला यायची. सराव बेकरच्या मामाच्या गाद्यांच्या गोदामात चाले. चारी भिंतींना छतापर्यंत गाद्या रचलेल्या, त्यामुळे आवाज सुटला की परत यायचा नाही, तिथंच जिरायचा.

त्यांची एक पद्धत होती, जगावेगळी. तारा जुळवायला त्यांना यंत्र चालायचं नाही. दादा रविवारी उठल्यापासून कोणाशी एक अक्षर बोलत नसे, चहाही घेत नसे. गोदामात येऊन गादीवर उताणा पडायचा आणि गळ्यातला सगळ्यांत खालचा सूर सोडायचा. त्या सुराला ते 'तळ' म्हणत. तारा तळापर्यंत उतरवायच्या, मगच चहा. एकदा बाहेरगावी जायचं होतं म्हणून त्यानं तो सूर कॅसेटवर भरून ठेवला आणि कोणी त्यावर दुसरं काही भरू नये म्हणून कॅसेटच्या कडेची प्लॅस्टिकची कपची मोडून टाकली.

मग एका सकाळी बूट घालता घालता दादाचं हृदय थांबलं. वय अडतीस. शेपटी 'गेला' हा शब्द काही केल्या तोंडातून काढत नसे. कोणी विचारलं तर म्हणायची, दादा आता येत नाही. जणू त्याची ड्यूटी बदलली होती.

तीन महिन्यांनी टोकन आली. ती एका दवाखान्याच्या काउंटरवर दिवसभर नंबर पुकारायची, म्हणून टोकन. दिसायला काडीपैलवान, बोलणं इतकं हळू की पुढे वाकून ऐकावं लागे. पण गायला तोंड उघडलं आणि बेकरची काठी हवेतच राहिली. तिला तिथल्या तिथं घेतलं. फक्त तिचा तळ कुठं आहे, हे कोणी विचारलं नाही. रविवार उजाडला की दादाची तीच कॅसेट लागायची, दादाच्या सुरावर तारा उतरायच्या आणि टोकन त्या तारांवर गायची. गाणारी नवी, तळ जुना. अशी चूक हेच करू जाणोत.

बँडचा आवाज बदलत गेला. आधी पाऊण तासात सात गाणी व्हायची, ती पाच झाली, मग चार. कार्यक्रमाला लोक वाढले. पूर्वी ते माना हलवायचे, आता नुसते उभे राहायचे. एकानं सांगितलं की गाणं संपल्यावर आपण कुठल्या मजल्यावर आहोत हेच त्याला काही वेळ कळलं नव्हतं. बेकर खूश होता. नवी पोरगी आपल्याला खोलात घेऊन चालली, असं तो ज्याला त्याला सांगायचा.

मास्तर तारा जुळल्या की मोबाइलवर पट्टी मोजून वहीत टिपायचा. कारण काही नाही, सवय. टोकन आल्यापासूनच्या एकविसाव्या रविवारी त्यानं मागची पानं चाळली आणि त्याचा चेहरा उतरला. दर आठवड्याला तळ थोडा खाली गेला होता. थोडा म्हणजे कानाला कळणार नाही इतका. पण थेंबे थेंबे तळे साचे, तसा तो आता चार सूर खाली होता.

शेपटीला हसू आलं. सुटल्यासारखंच वाटलं तिला. लॅबमधल्या पॉलिशच्या मशीनचा पट्टा सैल झाला की तिचाही आवाज असाच बसायचा. कॅसेट प्लेअरचा रबरी पट्टा ढिला झाला असणार, दुसरं काय. तिनं दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत प्लेअर उघडला, नवा पट्टा बसवला आणि खात्री करायला घरची एक जुनी कॅसेट लावली. त्यात आठ वर्षांचा दादा सतराचा पाढा म्हणत होता, आणि सतरा सक्कंला अडखळत होता. आवाज अगदी होता तसा, कोवळा, स्वच्छ. मशीन ठणठणीत होती.

मग तिनं तळाची कॅसेट लावली. सूर खालीच होता. कालच्याहून किंचित खाली.

शेपटीनं प्लेअर बंद केला आणि समोरच्या अर्धवट कवळीला दात लावत बसली. संध्याकाळी कळलं, सगळे दात उलटे लागले होते.

त्याच आठवड्यात टोकन तिला लॅबच्या पायऱ्यांवर भेटायला आली. तिच्या हातात डॉक्टरांचा कागद होता. घशात गाठ आली होती. तीन महिने गाणं बंद आणि बोलणंही बेतानं, नाहीतर आवाज कायमचा जाईल, असं त्यांनी बजावलं होतं. काउंटरवर परवा नंबर पुकारताना आवाज इतका खोल लागला की एक म्हातारबुवा उठून थेट घरी निघून गेले, असंही तिनं सांगितलं. पण तिला थांबवत नव्हतं.

"खाली अजून जागा आहे, ताई," टोकन म्हणाली. "आणि गाताना एकटं वाटत नाही. कोणीतरी एक पायरी पुढे असतं."

जे विचारू नये ते शेपटीनं विचारलं. "कसा आहे तो?"

"वळून बघत नाही," टोकन म्हणाली.

तुम्ही सांगाल तसं करते, असं म्हणून तिनं कागद पुढे केला. शेपटीनं तो वाचला. सरळ सांगायला हवं होतं की बाई, उद्यापासून तोंड बंद ठेव. पण आठ महिन्यांत पहिल्यांदा कोणाकडून तरी दादाची खबर मिळाली होती, आणि ती खबर आणणारा गळा एकच होता. "या रविवारी बघू," ती म्हणाली. ही शुद्ध लबाडी होती आणि ती तिला बोलतानाच कळत होती.

रविवारी तळ इतका खाली गेला होता की बेसची जाड तार कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी लोंबायला लागली. तरी वाजवलं. दुसऱ्या गाण्यात टोकन खाली उतरत गेली, आणखी खाली, आणि मधेच तिनं तोंड मिटलं. हात गळ्याशी गेला. सूर मात्र चालूच राहिला. बेकरच्या एका ठोक्यापासून दुसऱ्यापर्यंत तो गाद्यांमधून येत राहिला, त्या गाद्यांमधून, ज्यांनी आजवर कधी काही परत दिलं नव्हतं. मास्तरला वाटलं बेस आहे, बेकरला वाटलं गिटार. शेपटीची बोटं तारेवर नव्हतीच. टोकन तिच्याकडे बघत होती. तिचे ओठ हलत होते आणि तिचं काहीही ऐकू येत नव्हतं.

शेपटीला स्वतःची लाज वाटली. तिनं गिटार खाली ठेवली, टोकनला आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे न्या म्हणून दोघांना सांगितलं आणि सगळ्यांना बाहेर काढलं.

मग तिनं खिशातून कवळीचं गुलाबी मेण काढलं, हिरड्या करायला वापरतात ते. बोटांत मऊ केलं आणि कॅसेटच्या मोडलेल्या कपचीची खाच बुजवली. आता तिच्यावर भरता येणार होतं. शेपटी गादीवर, दादा पडायचा तिथंच, बसली आणि तिनं रेकॉर्डचं बटण दाबलं. नुसती शांतता भरायची, एवढंच तिनं ठरवलं होतं. पण चाकं फिरू लागली, दादाचा सूर इंचाइंचानं पुसला जाऊ लागला, आणि तिला गप्प बसवेना.

"दादा गेला," ती म्हणाली. मोठ्यानं, पहिल्यांदा.

आवाज दाखवणाऱ्या मीटरचा काटा तिच्या शब्दांसरशी उडाला आणि पडला. ती तोंडावर हात दाबून बसून राहिली. थोड्या वेळानं काटा पुन्हा उडाला, तितकाच, तितक्याच वेळ. मग कॅसेट संपेपर्यंत हलला नाही. नंतर तिनं ती लावून ऐकली. तिचे दोन शब्द होते आणि पुढे काहीच नव्हतं. शेपटी गादीत तोंड खुपसून पोटभर रडली, आणि गादीनं ते सगळं जिरवलं.

टोकननं तीन महिने पाटीवर लिहून काढले. काउंटरवर नंबरही पाटीवरच दाखवायची; तिथली गर्दी म्हणे पहिल्यापेक्षा शिस्तीत वागायला लागली. गाठ विरली. मग एका रविवारी ती न बोलता, चहा न घेता गोदामात आली, आणि उताणी न पडता खुर्चीत ताठ बसून तिनं तिचा सगळ्यांत खालचा सूर लावला. तो दादाच्या पहिल्या दिवसाच्या सुराहूनही बराच वर होता. जुन्या जाड तारा एवढ्या ताणेनात. मास्तरनं बारीक तारा आणल्या होत्या. ताणताना त्या कुरकुरल्या, पण तुटल्या नाहीत. मास्तरनं वहीत नवं पान काढलं.

बेकरनं ठोका दिला. शेपटीचं बोट सवयीनं जुन्या जागी गेलं आणि पहिलाच सूर चुकला. सगळे थांबले. त्या जागेवर तिचं बोट क्षणभर तसंच टेकून राहिलं.

टोकन वळून तिच्याकडे बघत होती, वाट बघत होती.

शेपटीनं बोट उचललं आणि वर ठेवलं.