दामिनीच्या दारातली स्कूटर

मी एक जुनी, हिरवी स्कूटर आहे. मित्रांनो, स्वतःच्याच आवाजाला घाबरणारी स्कूटर तुम्ही पाहिली नसेल. ती मी.

नवी कोरी भिलाईत आले, तेव्हा लोक माझ्या आरशात पाहून भांग पाडायचे. पहिल्या मालकाने मोटारसायकल घेतली आणि मला अंगणात टाकून दिले. मग आग विझवणाऱ्या जवानांच्या संघटनेने मला रुआबांधा वस्तीतल्या त्यांच्या खोलीवर नेले. कोणी जवान भाजला की ही माणसे रक्त देतात, दवाखान्यात आळीपाळीने बसतात, त्याच्या घरी डबा पोचवतात. घरच्यांना मात्र फोन करायचा नाही, असा त्यांचा रिवाज. फोनवर ऐकून बाई एकटीच कोसळली तर काय करायचे? म्हणून निवृत्त झालेले रामाजी माझ्यावर बसून स्वतः जातात.

रामाजींचे मन फार मऊ. दारात ते नेहमी एकच सांगत, "घाबरू नको बाई, थोडंसंच लागलं आहे." चंपत नावाचा जवान आगीत दगावला, त्या दिवशीही त्यांनी त्याच्या बायकोला, कांताबाईंना, हेच सांगितले. माझ्या मागच्या सीटवर बसून त्या कोणते मलम घ्यायचे ते विचारत होत्या. दवाखान्याच्या पायरीवर त्यांना खरे कळले. तेव्हा त्यांनी माझे हँडल असे धरले, की दोन बायांना त्यांचा हात सोडवावा लागला.

तेव्हापासून जवानांची क्वार्टर्स असलेल्या सेक्टर सहामध्ये माझी फटफट ऐकली की खेळणारी मुले गप्प होतात आणि दारे लागतात. मला फार वाईट वाटते, पण त्यांचे काही चुकत नाही.

यंदा मे महिन्यात जुनवानीकडे कापसाच्या गोदामाला दुपारी आग लागली. प्रवीण नावाचा जवान आत होता. बाहेर आला तो उजवा हात जाळून. डॉक्टर म्हणाले, ताबडतोब रायपूरला न्या. प्रवीण म्हणाला, माझी बायको दामिनी आल्याशिवाय मी गाडीत चढत नाही. उशीर झाला तर हात जाईल, हे रामाजींना ठाऊक होते.

भर उन्हात आम्ही निघालो. वाटेत मी बंद पडले तर, या एकाच विचाराने माझा जीव थाऱ्यावर नव्हता. दामिनीच्या क्वार्टरपाशी पोचलो आणि आतून कडी लागली.

"दामिनी, दार उघड. प्रवीणले थोडंसंच लागलं आहे," रामाजी म्हणाले.

आतून आवाज आला, "काकाजी, कांताताईले बी तुमी असंच म्हटलं होतं. तुमी जा. मी दार नाही उघडत."

"खरं सांगून राहिलो बाई. जिवंत आहे तो."

कडी काही निघाली नाही. रामाजी क्षणभर पायरीवर बसले, मग उठून त्यांनी मला किक मारली. दवाखाना जवळच होता. चंपत गेल्यापासून कांताबाई जखमी जवानांच्या उशाशी बसतात, तशा आजही बसल्या होत्या. त्यांना घेऊन आम्ही परत आलो.

कांताबाईंनी दाराला हात टेकला. "दामिनी, मी कांता. मी आताच पाहून आली. उजवा हात पुरा जळला आहे. बोटं रायतील का नाही, डॉक्टरले बी माहीत नाही. दुखण्यानं ओरडून राहिला आहे. पण जिवंत आहे, अन् तुलेच बोलावून राहिला आहे."

कडी निघाली. दामिनी अनवाणीच बाहेर आली. रामाजींसाठी नाही उघडले ते दार इतके वाईट ऐकून उघडले. तिघांचे ओझे मी कधी वाहिले नव्हते. त्या दिवशी वाहिले.

प्रवीणचा हात वाचला, दोन बोटे गेली. पुढच्या बैठकीत रामाजी सगळ्यांसमोर उभे राहिले आणि कांताबाईंना म्हणाले, "मी तुमच्याशी खोटं बोललो. तुमाले सांगायची मले हिंमत नव्हती." कांताबाई उठून त्यांच्याजवळ आल्या. मग म्हणाल्या, "आतापासून दारावर मीच बोलत जाईन."

मित्रांनो, खोलीतला फोन वाजला की मला अजून भीती वाटते. मला धुवा, पुसा, असे माझे मागणे नाही. कधी कोणाच्या दारात वाईट बातमी घेऊन जावे लागले, तर मायेनेसुद्धा ती लहान करू नका. सगळी सांगा, आणि सांगून झाल्यावर तिथेच थांबा.