पांढरी जाळी

तिसऱ्या दुकानातबी आमच्या मालकांनी तोच घोळ घातला आणि माझं टाळकं सरकलं. सकाळपासनं स्कूटरच्या मागं बसून कंबर मोडलीया, ऊन डोक्यात शिरलंय, घरी डाळ भिजत पडलीया, आणि ह्या माणसाला एक जाळी पसंत पडंना. जाळी म्हंजे नदीत पसरायची न्हवं. गळाला लागलेला मोठा मासा काठाला आला की खालनं उचलून घ्यायची. दांडा, त्याला गोल कडं, आणि कड्याला पिशवी. दुकानदार तिला लँडिंग नेट म्हणतात. आमच्यात नुसती जाळी.

"नदीतला मोठा मासा हाय," मालक सांगत होते. "कटला. बारा-पंधरा किलोचा."

"मग ही बघा की," दुकानदार म्हणाला. सयाजी त्याचं नाव, गोड बोलणारा माणूस. "काळी जाळी, पाण्यात दिसत न्हाई. दांडा लांब होतोय. गाडीवर न्यायला घडी बी होत्या."

"घडीची नको. बिजागरीत खेळ असतोय, वजनाला दगा देती. दांडा आखूड पायजे. कडं ह्याच्या दीडपट रुंद. आणि जाळी पांढरी."

"पांढऱ्या जाळीनं मासा बुजतोय काका."

"बुजू दे."

सयाजीनं माझ्याकडं बघितलं. मी दुसरीकडं बघितलं. काय सांगू त्याला, माझं नशीब सांगू?

माझं नाव क्रांती. बापानं मोठ्या हौसेनं ठेवलं, आणि मग आकाराम नावाच्या ह्या माणसाच्या गळ्यात बांधलं. एसटीच्या वर्कशॉपात ह्यांनी उभी नोकरी काढली. इंजनाच्या आवाजात बोलायची सवय, त्यामुळं घरात मीठ मागितलं तरी गल्लीला कळतंय. नोकरीत होते तवाबी रविवारी नदीवर आणि रिटायर झाल्यावरबी रविवारी नदीवर. पण एकटं कधी न्हाई. संगट रुद्राप्पा.

रुद्राप्पा लिंगायत. लक्ष्मीपुरीत बी-बियाण्याचं दुकान, आता पोरगा राजशेखर बघतोय. गळ्यात लिंग, घरात मासा ऱ्हाऊ दे, अंड्याचं नाव काढायचं न्हाई. आणि हा माणूस तीस वर्षं आमच्या मालकांसंगं बंधाऱ्यावर जाऊन बसला. गळ टाकायचा न्हाई, माशाला बोट लावायचं न्हाई. फक्त जाळी धरायची. मासा दमून काठाला आला की जाळी आधी पाण्यात बुडवायची, मासा तोंडाकडनं आत आला की उचलायची, आणि आमच्या मालकांच्या म्होरं ठेवायची. मोठा मासा एकट्यानं निघत न्हाई. एका हातात वाकलेला रॉड, दुसऱ्या हातात जाळी आणि पाय शेवाळावर, असला खेळ साठीच्या माणसानं करायचा नसतोय. बदल्यात रुद्राप्पांना काय मिळायचं? घरी गेल्यावर बायकोच्या शिव्या. अक्काताई दारातल्या दगडावर पाण्याची बादली भरून ठेवायची. अंघोळ केल्याबिगर उंबऱ्याच्या आत पाय टाकायचा न्हाई.

ही अक्काताई माझी जिवाची. तिचं माहेर निपाणीकडं, तिकडं धाकट्या बहिणीला तंगी म्हणतात, आणि मला ती तंगीच म्हणायची. दोघं नदीला गेले की आम्ही तिच्या सोप्यात बसून दोघांच्या नावानं बोटं मोडायचो. माझा रविवार म्हंजे तेवढाच होता.

गेल्या साली सगळ्याची माती झाली. दिवेलागणीला ह्यांच्या गळाला मोठा कटला लागला. तासभर झुंजवला म्हणं. काठाला आला, रुद्राप्पांनी जाळी बुडवली ती भलतीकडंच. कड्याचा फटका ताणलेल्या दोरीला बसला, दोरी तुटली, मासा गेला. गेला तर गेला, नदी काय आटली? पण आमच्या मालकांची जीभ. बंधाऱ्यावर चार माणसं गळ टाकून बसलेली, त्यांच्या म्होरं म्हणाले, "तू मुद्दाम सोडलास. तुझ्या धर्मात बसत न्हाई म्हणून एवढी वर्षं डूख धरून बसलावतास."

रुद्राप्पांनी जाळी खाली ठेवली आणि स्कूटरवर न बसता चालत घरला गेले. तवापासनं बोलणं बंद.

मग एक दिवस मंडईत अक्काताईनं मला गाठलं. भाजीची पिशवी दोघींच्या मधी धरून म्हणाली, "तुझ्या नवऱ्यानं काय बोलावं तंगी? त्यास्नी दिसतच न्हाई. साखरेनं डोळं खाल्लं. दिवस कलला की समोरचा माणूस कळत न्हाई. कुणाला सांगू नको. पोराला कळलं तर घराबाहेर पाऊल टाकू द्यायचा न्हाई. अंबाबाईची शपथ हाय तुला." मी मान डोलावली. "आता नवरं बोलत न्हाईत तर आपणबी नको," असं म्हणून ती कोथिंबिरीची जुडी घेऊन गेली. त्यानंतर तिनं मला तंगी म्हणलेलं न्हाई.

वर्षभर मी हे पोटात ठेवलं. घरात हा माणूस रोज त्या कटल्याचं श्राद्ध घालतोय, रुद्र्यानं दगा दिला म्हणतोय, आणि मी तोंडाला कुलूप लावून भाकरी थापतीया. शपथ घातलेली बाई काय करणार?

गेल्या मंगळवारी तर कहर झाला. तिन्हीसांजेला मालक घरात आले ते चपला भिंतीवर फेकतच. म्हणाले, "बोळात रुद्र्या समोरनं आला. माझ्या तोंडाकडं बघितलंन आणि म्हणतो, जरा सरका पावणं, जाऊ द्या. मला पावणं. तीस वर्षाच्या दोस्ताला परक्यागत पावणं."

मला सगळं कळलं. त्यास्नी दिसलंच न्हाई, कोण उभं हाय ते. पण सांगायचं कसं? चार दिवस ह्यांनी घरात चकार शब्द काढला न्हाई. पाचव्या दिवशी म्हणाले, "नवी जाळी घ्यायची. चल संगं."

मी काय समजायचं ते समजले. आता एकटं जाणार. आखूड दांड्याची जाळी एका हातात पेलती, म्हंजे दुसऱ्या हातात रॉड. दोस्त नको, दोस्ताच्या जागी जाळी पायजे. माझी अक्काताई गेली ती गेलीच. त्या रागात मी तीन दुकानं स्कूटरच्या मागं बसून हिंडले.

आता सयाजीनं दुसरी जाळी काढली. दोऱ्याची, विणलेली, पांढरी. मालकांनी बोटं घालून बघितली आणि परत ठेवली.

"हिच्यात गळ अडकतोय. मग सोडवत बसायचं. माशाला हात लागतोय."

मला हसावं का रडावं कळंना. ह्याच माणसानं जन्मभर मासं हातानं सोललं, हाताला वास घेऊन जेवायला बसला, आणि आज म्हणं हात लागतोय.

"मग रबराची घ्या," सयाजी म्हणाला. "गळ अडकत न्हाई. मासा आपसूक निसटून खाली येतोय. पांढरी एकच हाय, पण जड हाय."

मालकांनी ती हातावर तोलली. डोळं मिटून एकदा खालीवर केली. "दांडा बदलून दे. हलका पायजे. हात थरथरतोय."

"कुणाचा हात थरथरतोय?" मी भडकले. "तुमचा? काल खलबत्ता एका हातानं उचललासा. कशाला सोंगं करताय? एकट्यानं मासा उचलायचा, रुद्राप्पांची जागा जाळीला द्यायची, हेच न्हवं का? ऐका मग. त्या माणसानं मुद्दाम न्हाई सोडला तुमचा कटला. त्याला दिसत न्हाई. डोळं गेल्यात त्याचं. म्हणून पावणं म्हणाला तुम्हास्नी. आता घ्या जाळी आणि जावा एकटंच."

बोलले आणि जीभ चावली. अंबाबाई, तुझ्या पाया पडते.

मालक जाळीकडंच बघत होते.

"म्हाईत हाय," ते म्हणाले.

"काय म्हाईत हाय?"

"रुद्र्या कुणाला शिवी दील, पण मला पावणं म्हणायचा न्हाई. चार दिवस इचार केला. मग त्या दिवशीची जाळी आठवली. मासा डाव्या हाताला, आणि ह्यानं बुडवली उजवीकडं. न बघता कुणी बुडवील का?" त्यांनी कड्यावरनं हात फिरवला. "काळी जाळी काळ्या पाण्यात त्याला कशी दिसायची? म्हणून पांढरी. नेम चुकला तरी मासा आत यावा म्हणून रुंद. हात थरथरतोय त्याचा, म्हणून दांडा आखूड आणि हलका. आणि तो माशाला हात लावत न्हाई, तुला ठाऊक हाय की."

मनातल्या मनात मी माझा आरोप माघारी घेतला. आमच्या घरात असं क्वचितच घडतंय. पण सांगते, राग गेला न्हाई, उलट वाढला. हा माणूस सगळं जाणून बसलाय, मीबी जाणून बसलीया, आणि एका ताटाशेजारी बसून दोघं एकमेकांना फसवतोय. बोलायला काय झालंतं?

"मग माफी मागायला जायाचं सोडून दुकानं काय हिंडताय?" मी म्हणलं.

"मोकळ्या हातानं जाऊ?"

सयाजीनं हलका दांडा बसवून दिला. जाळी माझ्या मांडीवर आडवी धरून आम्ही रुद्राप्पांच्या गल्लीत आलो. अजून ऊन डोक्यावर होतं. रुद्राप्पा सोप्यात खुर्चीवर बसलेले. मी म्हणणार होते, आत चला, हळू बोला. पण मालकांनी स्कूटर रस्त्यातच लावली आणि वर्कशॉपातल्यागत हाक मारली.

"रुद्र्या, भाईर ये."

"कोण हाय?"

"पावणं आलंय. ही जाळी बघ. पांढरी हाय. तुझं डोळं गेलं म्हणून पांढरी घेतलीया. दिसती का?"

समोरच्या घरातली खिडकी उघडली. वरच्या गॅलरीत दोन बायका आल्या. आणि रुद्राप्पांच्या मागं, जेवणाचा हात तसाच धरून राजशेखर उभा राहिला.

"कुणाचं डोळं गेलं काका?" तो म्हणाला.

मला वाटलं, ह्या माणसाची जीभ धरून मुळासकट उपटावी. वर्षभर एका बाईनं नवऱ्याचं झाकलं, मी शपथ सांभाळली, आणि ह्यांनी एका हाकेत गल्लीत दवंडी पिटली. माफी मागायला आले आणि दोस्ताला कोंडून ठेवायची सोय केली.

राजशेखरनं बापाच्या तोंडाम्होरं हात हलवला. रुद्राप्पांनी तो हात झटकून टाकला. "दिवसा दिसतंय मला."

"म्हंजे खरं हाय. आई, तुला ठाऊक होतं?" पोरगा आईकडं वळला. अक्काताई चौकटीत उभी होती. ती पोराकडं बघत नव्हती, माझ्याकडं बघत होती, आणि तिच्या नजरेत काय होतं ते मला चांगलं कळत होतं. "आजपासनं नदी बंद. दुकानात बसा न्हाईतर घरात बसा. काका, राग मानू नका. पाय घसरला तर कोण जबाबदार?"

"मी," मालक म्हणाले.

"वर्षभर तोंड दाखवलं न्हाईसा, आता मी म्हणायला कुठनं आलासा?"

पोरगं खोटं बोलत नव्हतं.  मग रुद्राप्पाच बोलले, अगदी हळू.

"आक्या, बंधाऱ्यावर चार माणसांत काय म्हणालास ते आठवतंय?"

"आठवतंय."

"तुझ्या माशापायी तीस वर्षं मी दारात अंघोळ केली. थंडीत केली, तापात केली. आणि मी डूख धरला?"

"चुकलं माझं."

"हितं म्हणून काय उपेग?"

"तेच म्हणतोय की," मालकांचा आवाज परत चढला. "चार माणसांत बोललो, चार माणसांतच माघारी घेणार. आज रविवार हाय, तीच माणसं तिथं बसल्यात. पण तू तिथं नसलास तर कुणाम्होरं घेऊ, माशाम्होरं?" मग राजशेखरकडं वळून म्हणाले, "हात धरून नेतो. पाण्याच्या बाजूला मी, काठाच्या बाजूला हा. घसरला तर माझ्या अंगावर पडंल. ऊन हाय तवर माघारी आणून घालतो. न्हाई आणला तर माझ्या घरात येऊन मला जोड्यानं मार."

"न्हाई म्हंजे न्हाई," राजशेखर म्हणाला.

 मला वाटलं, संपलं. स्कूटरवर बसावं आणि जावं.

तेवढ्यात अक्काताई पायरी उतरली. दाराच्या कडंला एक बादली पालथी पडलीवती, वर्षभराची धूळ बसलेली. तिनं ती उचलली, नळाखाली धरून दोनदा विसळली, काठोकाठ भरली आणि दारातल्या दगडावर आणून ठेवली. पाणी तिच्या पायावर सांडलं.

"आई, काय करतीस?"

"बाजूला हो," ती पोराला म्हणाली. मग नवऱ्याला म्हणाली, "दिवस कलायच्या आत या. आणि अंघोळ केल्याबिगर आत यायचं न्हाई, सांगून ठेवते."

राजशेखर बादलीकडं बघत राहिला आणि मग बाजूला झाला.

रुद्राप्पांनी चप्पल पायानं चाचपून घातली. मालकांनी जाळी त्यांच्या हातात दिली. रुद्राप्पांनी बोटांनी कडं मोजलं, दांडा तोलला.

"हलकी हाय की."

"हलकीच घेतलीया."

"तरी चुकलं तर?"

"तर शिव्या घालणार," मालक म्हणाले. "पण मुद्दाम केलंस असं न्हाई म्हणायचो."

स्कूटरवर दोघं बसले. रुद्राप्पांनी जाळी आडवी धरली आणि बोळाच्या तोंडाशी ती एका खांबाला थटली. दोघं तिथंच एकमेकांना शिव्या घालत उभे राहिले आणि मग वळून गेले. खिडक्या मिटल्या. राजशेखर उरलेलं जेवायला आत गेला.

रस्त्यात मी एकटी. जायाला गाडी न्हाई, बोलायला तोंड न्हाई. ह्यांनी मला ठेवलं काय, विसरले काय, त्यांचं त्यांनाच ठाऊक.

अक्काताईनं पदराला हात पुसले.

"अंबाबाईची शपथ घातलीवती तुला," ती म्हणाली.

"अगं, त्यास्नी आधीच ठाऊक होतं. मी आज बोलले, दुकानात, पण त्याच्या आधी..."

"रस्त्यात न्हाई. चप्पल काढ आणि आत ये तंगी. तुझ्यासंगं भांडायचं हाय मला."

घरी डाळ भिजत पडलीवती. पडू दे म्हणलं, आणि चप्पल काढून आत गेले.