रजेचं कारण

काजवालीने केबिनच्या दारावर टकटक केलं, आतून 'या' ऐकू येण्याची वाट पाहिली, आणि मग तिच्या लक्षात आलं की 'या' म्हणायला आता तीच आहे. मागे मशिनवर बसलेल्या दोघी खुदखुदल्या.

"हसा," ती म्हणाली. "पुढच्या महिन्यात तुमच्यातलीच कोणीतरी बसणार आहे इथे."

वीस वर्षं तिने या शिलाईच्या कारखान्यात काजं केली होती. म्हातारे मालक लेकीकडे राहायला निघाले तेव्हा ही जागा गाड्या लावण्यासाठी विकायची, असं जवळजवळ ठरलंच होतं. पण कामावरच्या बावीस जणांनी एकत्र येऊन, बँकेच्या पायऱ्या झिजवून, मशिनांसकट कारखाना स्वतःच घेतला. आता सगळेच मालक. केबिनमध्ये बसायची पाळी दर महिन्याला एकाची.

ती खुर्चीत टेकते न टेकते तोच साहेब दारात उभे राहिले. साहेब म्हणजे पूर्वीचे सुपरवायझर. त्यांनीही सगळ्यांसारखाच वाटा घेतला होता आणि आता ते पॅकिंगच्या टेबलावर असत. हातात चार घड्या घातलेला कागद होता.

"गुरुवारी रजा हवी होती," ते म्हणाले.

बाहेरची मशिनं एकेक करून थांबली. शुक्रवारी इस्पितळाचे एप्रन जायचे होते. शिवाय साहेबांनी तीस वर्षांत कधी रजा घेतली नव्हती आणि कोणाला सुखासुखी दिलीही नव्हती. काजवालीच्या मनातही एक सल होती. लेकीच्या बाळंतपणाला याच माणसाने तिला फक्त अर्धा दिवस सोडलं होतं. ती पोचेपर्यंत नातू जन्मून, न्हाऊन, झोपलाही होता.

"कारण?" तिच्या तोंडून निघालं. सूरही हुबेहूब त्यांचाच.

बाहेर कोणीतरी फिस्सकन हसलं. साहेबांचे कान लाल झाले.

"आत्या वारली," ते म्हणाले. जरा थांबून, "माझी."

"कधी?"

"गुरुवारी."

"आज मंगळवार आहे, साहेब."

काजवालीला हसू आवरेना.

"आत्याला असं एकदम मारायचं नसतं हो. आधी दोन दिवस अंथरुणावर पाडायचं."

"तू तशीच पाडायचीस. म्हणजे, तुम्ही," साहेब म्हणाले. "तुमची आत्या रजिस्टरात चारदा गेली."

तिचं हसू थांबलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"दुसऱ्यांदा गेली त्याच आठवड्यात मला बाजारात भेटली. माझ्या हातात पिशवी देऊन दोन गल्ल्या चालवलं मला."

"मग रजा कशी दिलीत?"

"रजिस्टर मालक वाचायचे. कोणी गेलं असेल तर पूर्ण दिवस, बाकी कशालाही अर्धा. मी रकाना भरून घ्यायचो, इतकंच." त्यांनी कागदाची आणखी एक घडी घातली. "लेकीच्या वेळी तुम्ही खरं ते लिहिलंत. मी दोनदा विचारलं, हेच कारण लिहायचं का म्हणून. तुम्ही म्हणालात, हेच."

विचारलं होतं खरं. 'दोनदा विचारलं मेल्याने,' असं ती कितीतरी वर्षं ज्याला त्याला सांगत आली होती.

तिने समोरची खुर्ची त्यांच्याकडे सरकवली.

"बसा ना," ती म्हणाली. साहेब बसले. "आता खरं सांगा."

"बायको म्हणते, एवढे मालक झालात, तर एक दिवस भरदुपारी घरी दिसून दाखवा."

काजवालीने उठून दार उघडलं. "गुरुवारी साहेबांचं पॅकिंग कोण बघणार?"

दोघीतिघींनी उगाचच दोरा ओवायला घेतला. शेवटी कटिंगवाली कात्री खाली ठेवत म्हणाली, "मी बघते. पण घड्या माझ्या पद्धतीच्या. शुक्रवारी येऊन नाक मुरडायचं नाही."

"नाही मुरडणार," आतून साहेब म्हणाले. त्यांचा एवढा नरम आवाज कारखान्यात पहिल्यांदाच ऐकू येत होता.

गुरुवारी अकराच्या सुमाराला, सगळ्या जणी मान खाली घालून कामाला लागलेल्या असताना, एक ठेंगणीशी बाई चपला काढून आत आली. साहेब बाहेर फुटपाथवरच उभे राहिले होते.

"आत या की!" कटिंगवालीने हाक मारली.

"मी रजेवर आहे," साहेब तिथूनच म्हणाले आणि काचेला नाक लावून पॅकिंगच्या टेबलाकडे बघू लागले.

"घरी बसवेना त्यांना," बाई म्हणाली. "म्हटलं, मग मलाच दाखवा एकदा. तीस वर्षं नुसतं ऐकतेय." तिने मशिनांच्या रांगांवरून नजर फिरवली आणि हळूच विचारलं, "यातलं आमचं कोणतं?"

काजवालीने केबिनमधून येऊन आपल्या मशिनवरचे दोऱ्यांचे तुकडे पदराने झटकले आणि स्टूल पुढे ओढलं.

"बसा, वहिनी," ती म्हणाली. "सगळीच आपली. इथून सुरुवात करू."