दार वाजवलं होतं

"अहो, किती वाजवाल? खोली रिकामी आहे!" खालून शिवणवाली ओरडली, तेव्हा ताईंचा हात दारावरच थांबला.

ताई बायकांच्या मदत केंद्रात काम करायच्या. या वरच्या खोलीतल्या बहिऱ्या बाईसाठी त्यांनी चपला झिजवल्या होत्या. नवरा गुरासारखा मारायचा तिला. महिलाश्रमाच्या बाई म्हणाल्या, "बहिरीला आम्ही कसं सांभाळणार? बहिऱ्यांच्या वसतिगृहात न्या." वसतिगृहाचे साहेब म्हणाले, "नवऱ्याचं लचांड इथे नको. महिलाश्रमात न्या." घ्या! म्हणजे मार खायचा असेल तर बाईनं आधी कान शाबूत ठेवावेत! ताई दोन्हीकडे भांडल्या, हातापाया पडल्या, आणि अखेर महिलाश्रमात एक खाट मिळवली. बाईला खुणांनी सांगितलं, सोमवारी दुपारी न्यायला येते, तयार राहा. ती खाट आजच्या दिवसापर्यंतच राखलेली होती.

ताई जिना उतरून खाली आल्या. "गेली कुठे?"

"नवरा घेऊन गेला काल. बाडबिस्तरा बांधून. कुठे, ते देव जाणे."

"पण मी सोमवारी आले होते हो! किती वेळ दार वाजवलं. म्हटलं, फिरलं हिचं मन."

"ऐकलं की मी. तुम्ही मागच्या जिन्यानं आलात. ती पुढच्या खिडकीत बसली होती, पिशवी मांडीवर घेऊन, रस्त्याकडे डोळे लावून. अंधार पडेस्तोवर हलली नाही."

"मग मला सांगायचं नाही का?"

शिवणवालीनं मशीन थांबवलं. "मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल. ऐकू येत नाही तिला, ते."

ताईंना माहीत नसायला काय झालं? सगळ्यांना तेच तर सांगत फिरल्या होत्या. आणि तिच्या दाराशी जाऊन काय केलं, तर दार वाजवलं! शिवाय सोमवारी परत जाताना मनात म्हटलं, या बायका अशाच, ऐन वेळी कच खातात. आजही आल्या आल्या वाजवलंच की.

त्या पुढच्या बाजूला गेल्या, रस्त्यावर. खिडकी उघडीच होती. ताईंनी मान वर केली, हात उंच केला आणि हलवला.

"अहो ताई, रिकामी आहे म्हटलं ना!"

"ऐकलं," ताई म्हणाल्या. हात मात्र त्यांनी खाली घेतला नाही.