नावाचं पहिलं अक्षर

…काळ्या दोऱ्याला मेणाचा आणि घामाचा वास होता, आणि त्या दोऱ्यात ओवलेलं ते रुपेरी नाणं – अंगठ्याच्या नखाहून जरासं मोठं, कडेला डाख लावून कडी बसवलेलं – सगुणाबाईंच्या तळहातावर कोमट लागत होतं. उन्हानं तापल्यासारखं नव्हे, कुणाच्या तरी गळ्यातून नुकतंच उतरल्यासारखं. मधोमध तीन कमानींचा डोंगर. आणि डोंगराच्या आडून, नीट पाहिलं तर, एक नाक, एका डोळ्याचा कोपरा. आधीच्या राजाचा चेहरा तो. नंतरच्या राजानं त्याच्या तोंडावरच आपला शिक्का मारला होता, आणि तरी तो पुरता बुजला नव्हता. नहपानाचं नाक, तिचे यजमान यादवराव म्हणायचे. अजूनही म्हणतात, पण आता बोटांनी चाचपून.

"काय दिसतं?" यादवरावांनी विचारलं.

ते खांबाला टेकून बसले होते, चेहरा तिच्याकडे नाही, अंगणातल्या उजेडाकडे. हातात भिंग धरलेलं. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला तो बिघडला, दुसऱ्यावर दुधाच्या सायीसारखं काहीतरी आलं, त्याला आता दोन वर्षं झाली. पण माणसं आली की भिंग हातात असलंच पाहिजे.

"वहिनी, जरा लवकर बघा," पायरीवरून नियाजभाई म्हणाला. "बाईंना निफाडची गाडी गाठायची आहे. ट्राम बंद झाल्यापासून टेसनापर्यंत टांगेवाले लय नखरे करतात."

कळवणपासून निफाडपर्यंतचे बाजार फिरून नियाजभाई फुटक्या तांब्याची मोड गोळा करायचा आणि इथं नाशिकच्या तांबट आळीत आणून घालायचा. मोडीत कधी जुनं नाणं सापडलं तर ते बाजूला काढून आधी यादवरावांकडे. गेली कित्येक वर्षं हा क्रम. पण आजचं नाणं विकाऊ नव्हतं, म्हणून त्यानं नाण्याबरोबर नाण्याची मालकीणच आणली होती. धोंडाबाई ओट्याच्या कडेला उकिडवी बसली होती, आणि सगुणाबाईंच्या मुठीवरची तिची नजर हलत नव्हती.

"गंगेवर आले व्हते, म्हून आले हितं," ती म्हणाली. "माझी पोरगी अवघडलेली हाय. आज-उद्यावर हाय. ह्ये तिच्या गळ्यात घालायचंय. माझ्या सासूच्या गळ्यात व्हतं, माझ्या गळ्यात व्हतं, समद्यांची सुटका नीट झाली. तुमी बगा, पर हितंच बगा. आत न्यायचं नाय."

"इथंच बघतोय, बाई," सगुणाबाई म्हणाल्या.

आळीतून हातोड्यांचा आवाज येत होता. ठण् ठण्… ठण्. एरवी तो ऐकूसुद्धा येत नसे. आज प्रत्येक ठोका वेगळा ऐकू येत होता.

यादवरावांनी हात पुढे केला. तिनं नाणं त्यात ठेवलं. त्यांचं नख डोंगराच्या कडेनं फिरलं, उजव्या पायथ्याशी आलं – आणि थांबलं. पुन्हा मागे आलं, पुन्हा थांबलं. त्यांच्या मानेवरची शीर तटतटलेली तिला दिसली.

"तडा," ते हळूच म्हणाले. मग मोठ्यानं, "अगं, तडा आहे! साच्याला गेलेला तडा. केसाएवढा उंचवटा… माझ्या नाण्यावर आहे तोच. नियाज, हे त्याच साच्यातून ठोकलेलं नाणं आहे!"

"म्हणजे चांगलं ना, मास्तर?"

"चांगलं?" ते हसले. किती दिवसांनी हसले. "अरे, साचा एक म्हणजे अक्षरं एक. माझ्या नाण्यावर जे अर्धं झिजलंय ते इथं पुरं असेल. नुसतं बघायचं आणि सांगायचं."

बघायचं आणि सांगायचं. तिनं.

डोंगराभोवती अक्षरांची रांग होती. आधी 'रञो', म्हणजे राजाचं. त्यापुढे राजाचं नाव. आजवर सगळे वाचत आले ते गोतमिपुत सातकणी, म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णी. नाव 'गो'नं सुरू होणारं. पण यादवरावांच्या डबीतल्या नाण्यावर ते पहिलं अक्षर त्यांनी 'म' वाचलं होतं. म्हणजे दुसराच कुणी राजा. नाशिकच्या मुलखात येऊन नहपानाच्या तोंडावर आपला डोंगर ठोकणारा, आणि मग इतका पुसला गेलेला की त्याचं एक अक्षर तेवढं उरलं. त्या एका अक्षरावर त्यांनी निबंध लिहिला होता. महिनाअखेरीला मुंबईला जाऊन तो वाचायचा होता. तिथल्या एका विद्वानानं आधीच कळवलं होतं – दुसरं नाणं दाखवा, मग बोलू.

आणि तो 'म' त्यांनी वाचला तेव्हा… तिला तो दिवस आठवत होता. दारात बसून, उजेडाकडे पाठ करून, भिंग डोळ्याला लावून ते सकाळपासून बसले होते. दुपारी ओरडले, "शिंगं आहेत! वर दोन शिंगं आहेत!" त्यानंतर काही आठवड्यांतच त्यांना ताटातला भात आणि ताक वेगळं दिसेना. त्यांच्या डोळ्यांनी वाचलेलं ते शेवटचं अक्षर.

तोवर तिला नाण्यांना हात लावायची मुभा होती ती फक्त रिठ्याच्या पाण्यात घालून चोळण्यापुरती. चोळून, पुसून, परत द्यायची. "हे काय आहे हो?" असं नवी नवरी असताना तिनं एकदा विचारलं होतं. "तुला त्यातलं काय कळायचं," ते म्हणाले होते – रागानं नाही, सहज. जसं मांजराला म्हणावं. आणि मग डोळे गेले, आणि त्यांनीच एक दिवस तिला रांगोळी आणायला सांगितली. तिचा हात आपल्या हातात धरून जमिनीवर अक्षरं काढली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर हात असा धरलेला. 'म' म्हणजे बोकडाचं तोंड: खाली गोल पोट बंद, वर दोन शिंगं. 'ग' म्हणजे राहुटी: दोन काठ्या वर टेकलेल्या, खाली उघडी. 'गो' करायचा असेल तर राहुटीच्या शेंड्याला दोन्ही बाजूंना एकेक रेघ…

तिनं नाणं परत घेतलं, उजेडात तिरकं धरलं.

राहुटी होती.

खाली उघडी. दोन काठ्या स्वच्छ, आणि शेंड्याला दोन बाजूंना दोन रेघा. त्याच रेघा त्यांच्या झिजलेल्या नाण्यावर शिंगं झाल्या होत्या. तिनं नाणं फिरवलं. सावली बदलली, अक्षर बदललं नाही. 'गो'. सगळ्यांना ठाऊक असलेला, सगळ्यांनी वाचलेला गोतमिपुत. दुसरा राजा नव्हताच. कधीच नव्हता. ह्यांचे डोळे गेले ते भात-ताकाच्या दिवशी नाही, त्याआधीच गेले होते. आणि हे त्यांना कुणी सांगायचं? मी? मी सांगायचं?

"काय गं? पोट बंद आहे ना?"

त्यांनी मान थोडी पुढे काढली होती. ऐकायला. तोंड किंचित उघडं – तिच्या धाकट्या भावाचं लहानपणी घास घेताना असायचं तसं. तिला वाटलं, आता हा माणूस माझ्या तोंडून जे पडेल ते खरं मानणार आहे. आभाळ हिरवं म्हटलं तर हिरवं. हा विचार येताच छातीत काहीतरी उसळलं, आणि तो आनंद होता हे कळून ती दचकली.

"बंद आहे," ती म्हणाली.

"आणि शिंगं?"

"आहेत."

"दोन्ही सारखी? की डावं आखूड?"

"डावं… जरा आखूड आहे." कशासाठी बोललो आपण हे? सारखी म्हटली असती तरी चाललं असतं. पण त्यांनी विचारलं आणि तिला ते आखूड शिंग खरोखर दिसलं, क्षणभर.

यादवरावांनी भिंग खाली ठेवलं. दोन्ही तळहात डोळ्यांवर दाबले. धोंडाबाई एकदा त्यांच्याकडे, एकदा नियाजभाईकडे बघत होती.

"वंगाळ काय हाय का त्यात?" तिनं घाबरून विचारलं. "पोरीच्या गळ्यात घालू ना?"

"घाल, बाई, घाल," यादवराव म्हणाले. त्यांचा आवाज ओला होता. "राजा आहे तो. हरवलेला राजा सापडलाय तुझ्या गळ्यात." मग सगुणाबाईंच्या दिशेला वळून, पण किंचित चुकून, तिच्या खांद्यापलीकडच्या भिंतीला म्हणाले, "तुझं नाव घालणार मी निबंधात. वाचन सौभाग्यवती सगुणाबाईंचं, असं. बायकोचं नाव घातलं म्हणून हसतील. हसू देत!"

तिचे कान तापले. आपलं नाव छापलेलं कसं दिसेल… आणि त्या नावाखाली बोकडाचं तोंड, आखूड शिंगाचं.

"चल, लाख आण. ठसा घेऊ. मुंबईला ठसाच दाखवावा लागेल."

ठसा.

हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. नाणं निफाडला जाईल, पण ठसा मुंबईला जाईल, आणि तिथं डोळे असलेली माणसं असतील. भरल्या सभेत हे उभे राहतील, भिंग हातात धरून, आणि 'म' म्हणतील; आणि ठसा हातोहात फिरेल, आणि प्रत्येकाला राहुटी दिसेल. कुणी हसणार नाही. तेच जास्त वाईट. सगळे एकमेकांकडे बघतील, आणि ह्यांना ते दिसणार नाही.

तिनं निखाऱ्यावर लाख पातळ केली, पाटीच्या तुकड्यावर ओतली. धोंडाबाई जवळ सरकली. "जाळू नका वं माझं ल्येणं," ती म्हणाली. सगुणाबाईंनी लाख निवू दिली, नाण्याला तेलाचं बोट लावलं आणि दाबलं. उचललं. लाखेत डोंगर खोल उतरला होता, भोवती अक्षरांची उलटी रांग. राहुटी मात्र उलटी झाली तरी राहुटीच.

नाणं पुसून तिनं धोंडाबाईच्या हातात दिलं. "नीट होईल तुमच्या लेकीचं," ती म्हणाली.

"तुमच्या तोंडात साखर पडो, बाई." धोंडाबाईनं दोरा कपाळाला लावला, चोळीत खोचला. नियाजभाई उठला, सलाम केला, आणि दोघं अंगणातून बाहेर पडली.

आता ते अक्षर ह्या घरात पुरतं असं एकाच ठिकाणी होतं: तिच्या हातातल्या, अजून मऊ असलेल्या लाखेत. अंगठा हलकेच टेकवायचा. नुसता टेकवायचा. ठसा बिघडला, म्हणायचं – बाई घाई करत होती, लाख पातळ होती. मग कुणाला काही सिद्ध करता येणार नाही, ह्यांनाही नाही, त्यांनाही नाही. राजा अर्धामुर्धा राहील, पण राहील. तिचा अंगठा लाखेजवळ गेला. लाखेची ऊब त्याला लागली.

"आला का नीट?" यादवरावांनी विचारलं.

तिला ती राहुटी दिसत होती. कुणा कारागिरानं खिळ्याच्या टोकानं लोखंडात कोरलेली, दोन हजार वर्षं कुणाकुणाच्या गळ्यात, छातीला घासूनही टिकलेली. आणि ती पुसायला आपण बसलो आहोत. तिनं अंगठा मागे घेतला.

"आला," ती म्हणाली. "नीट आला. पण 'म' नाही तो."

हातोडे वाजत राहिले.

"काय नाही?"

"'म' नाही. खाली उघडं आहे. 'गो' आहे तो. मघाशी मी खोटं बोलले."

यादवरावांनी मान हलवली. मग म्हणाले, "तुला नीट दिसलं नाही."

"दिसलं."

"मी पाहिलाय तो 'म'. माझ्या डोळ्यांनी पाहिलाय!"

"मीही माझ्या डोळ्यांनीच पाहते आहे."

हे इतकं मोठ्यानं बोलायचं नव्हतं. पण बोलली. असं ती ह्या घरात कधी बोलली नव्हती, आणि बोलल्यावर घर जागच्या जागी होतं; खांब, दार, खांबाला टेकलेला तो माणूस. त्यांचा हात जमिनीवर भिंग शोधत होता. भिंग वीतभरावर होतं. तिनं ते सरकवून दिलं नाही, आणि का दिलं नाही हे तिला कळेना… त्यांना सापडलं. त्यांनी ते उचललं, मांडीवर ठेवलं आणि चेहरा अंगणाकडे फिरवला.

आता ते काय म्हणतील? मुंबईला जातील? निबंध फाडतील? की उद्या रांगोळी मागणारच नाहीत, आणि परत रिठ्याचं पाणी… तिला भीती वाटायला हवी होती. मघाशी खोटं बोलताना वाटत होती. आता नव्हती. फार एकटं वाटत होतं, उजाड माळावर उभं राहिल्यासारखं, पण चहूकडचं स्वच्छ दिसत होतं.

ती ठसा घेऊन दाराशी उजेडात बसली. 'गो'च्या पुढे एक अक्षर होतं. ते वाचायला आज कुणी सांगितलं नव्हतं. तिनं लाख तिरकी धरली. 'त', तिनं मनाशी म्हटलं. मग 'मि'. मग ओठ आपोआप हलायला लागले, आणि त्या बारीक आवाजानं खांबाजवळची मान किंचित वळली – तिच्याकडे, की आळीतल्या टांग्याकडे, ते तिला कळलं नाही. ती थांबली नाही. पुढचं अक्षर बरंच झिजलं होतं. ती वाकून बघत राहिली.