कुलपातला राउटर

मित्रांनो, जरा मान वर करा. वसतिगृहाच्या तिसऱ्या मजल्यावर, जिना संपतो तिथे छताजवळ जो चपटा, थोडा पिवळट पडलेला डबा दिसतो ना, तो मी. दोन शिंगे आणि चार हिरवे दिवे असलेला राउटर. नेट नीट चालते तेव्हा मी कोणाच्या खिजगणतीतही नसतो. नेट गेले की मात्र बेचाळीस मुली एकदम माझ्या नावाने बोटे मोडतात. असो. आज बोलायची संधी मिळालीच आहे, तर मन मोकळे करतो.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. एका बाईंनी माझ्या पोटात हिरवी पाटी बसवली, दुसरीने चार स्क्रू आवळले. शेवटच्या टेबलावर जाड चष्म्याच्या तपासनीस बाई होत्या. त्यांनी मला वीज दिली, माझे दिवे लागलेले पाहिले आणि शेजारणीला म्हणाल्या, "हा बघ, गुणी आहे." त्या हे दिवसातून पाचशे वेळा म्हणत असतील, पण माझी छाती फुगली ती फुगलीच. पुढे खोक्यात, मालगाडीत आणि विद्यापीठाच्या कोठारात आठ महिने काढून मी या भिंतीवर आलो.

काय दिवस होते ते! माझा आवाज या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा. मुली कॉटवर लोळत प्रबंध वाचायच्या, गच्चीवर कपडे वाळत घालताना व्याख्याने ऐकायच्या. आधीच सांगतो, माझ्यातून काय जाते ते मी वाचत नाही. पोस्टमन पाकिटे फोडत नाही, तसाच मी. तुम्हाला जे सांगतो आहे ते सगळे माझ्याखाली व्हरांड्यात बोलले गेलेले आहे.

त्याच वर्षी अगदी शेवटच्या, कोपऱ्यातल्या खोलीत संख्याशास्त्र शिकणारी एक मुलगी राहायला आली. तिला सगळे मोजायची खोड होती. जिन्याच्या पायऱ्या किती, व्हरांड्यातल्या फरशा किती, नळातून बादली भरायला मिनिटे किती. मैत्रिणी तिला मोजणी म्हणू लागल्या आणि तेच नाव पडले. पहिल्याच दिवशी ती कमरेवर हात ठेवून माझ्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "सत्तेचाळीस फरशा लांब माझी खोली, आणि तरी तिथे नेट येतं. शाब्बास रे!" असे कौतुक पुन्हा वाट्याला आले नाही.

मग सुट्टीत शेजारच्या वसतिगृहातला एक राउटर चोरीला गेला. आमच्या रेक्टर मॅडमच्या तोंडचे पाणी पळाले. मॅडम वाईट नाहीत हो, पण फार धास्तीच्या. नोकरीच्या सुरुवातीला त्यांच्या ताब्यातली एक शिलाई मशीन हरवली होती आणि त्यांना सगळ्यांसमोर खुलासा द्यावा लागला होता. तेव्हापासून त्या नळाच्या तोटीलाही साखळी बांधतात. त्यांनी लोहाराला बोलावले, प्रत्येक मजल्यावरच्या राउटरसाठी जाड पत्र्याची पेटी करून घेतली, समोर हवेपुरती वीस भोके पाडली आणि पितळी कुलूप लावले.

खोटे कशाला बोलू, मी हुरळून गेलो. पेटी, कुलूप, किल्ली मॅडमच्या कमरेला! दागिन्यासारखे जपतात मला, असे वाटले. मग मी नेहमीसारखी हाक मारली आणि ती पत्र्यावर आपटून माझ्याच कानात परत आली. भोकांतून जे काही बाहेर झिरपले ते समोरच्या दोन खोल्यांपर्यंत कसेबसे पोहोचले. आत उकाडा एवढा, की अंगावरचा पांढरा रंग पिवळा पडला.

मुली सुट्टीहून परतल्या आणि माझी निंदा सुरू झाली. "म्हातारा झालाय हा." "मेलाय गं, नुसते दिवे लावून बसलाय." संगणक केंद्रात फोन केला की तिथले साहेब म्हणायचे, "इथून सगळं हिरवं दिसतंय. तुमच्या फोनमध्येच काहीतरी असेल." त्यांच्या पडद्यावर मी हिरवा होतोच. मी चालू आहे की नाही एवढेच त्यांना दिसायचे. मी कोणापर्यंत पोहोचतो, ते दिसायची सोय नव्हती.

हळूहळू मुलींनी तक्रार करणेच सोडले. आणि नेमके तेव्हाच वरच्या कार्यालयाने पाहणी काढली. 'तुमच्या वसतिगृहातील इंटरनेटबद्दल तुम्ही समाधानी आहात का? खालील दुवा उघडून उत्तर द्या.' दुवा उघडणार फक्त विद्यापीठाच्या नेटवर. आता तुम्हीच सांगा, ज्यांच्याकडे ते पोहोचतच नाही त्यांनी दुवा उघडायचा कसा? पडद्यावर गोल चक्र फिरत राहायचे आणि मुली कंटाळून फोन ठेवून द्यायच्या. पंधरा दिवसांनी बरोबर माझ्या पेटीखाली एक छापील कागद चिकटवला गेला. 'तिसरा मजला : शंभर टक्के समाधानी. अभिनंदन!' मला हसावे की रडावे तेच कळेना.

त्या कागदाने मोजणीचा घात केला. आता ती शेवटच्या वर्षाला होती. दर मंगळवारी तिची चाळीस मिनिटांची चाचणी असायची. तीही फक्त विद्यापीठाच्या नेटवर उघडायची, आणि बंद खोलीत एकटीने, कॅमेरा चालू ठेवून द्यावी लागायची. मध्येच नेट तुटले की यंत्र लिहून टाकायचे, 'गैरहजर'. तीन वेळा गैरहजर, तर वार्षिक परीक्षेला बसता येणार नाही, असा नियम होता. मोजणी दोनदा गैरहजर लागली. दुसऱ्या वेळी तर ती माझ्या अगदी समोरच्या, मैत्रिणीच्या खोलीत एकटी बसली होती, तरी बाराव्या प्रश्नाला सगळे ठप्प झाले.

ती माझ्याखाली पायरीवर बसून मैत्रिणीला सांगत होती. "सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, तुमच्या मजल्याचा अहवाल आहे माझ्याकडे, शंभर टक्के समाधानी. मग तुझंच नेट बरं जातं?"

"आणि घरी?"

"आई म्हणाली, यंदा काय ते कर बाई. वर्ष वाया गेलं तर बाबा पुढं शिकवायचे नाहीत, आणि मला काही त्यांना समजावता यायचं नाही." मी आत वीस भोकांआड बसून ते ऐकत होतो. मित्रांनो, इतके असहाय मला कधी वाटले नव्हते.

ती बराच वेळ त्या छापील कागदाकडे बघत राहिली. मग डोळे पुसून उठली, कागद अगदी जवळून वाचला आणि खाली बारीक अक्षरात लिहिलेला आकडा बोटाने दाखवला. "अगं, हे बघ. एकूण उत्तरं चार. चारपैकी चार समाधानी. मजल्यावर आपण बेचाळीस! बाकीच्या अडतीस कुठं गेल्या?"

दुसऱ्या दिवशी तिने वहीच्या पानांच्या चिठ्ठ्या केल्या आणि एकेक दार वाजवायला सुरुवात केली. कोणी आंघोळीला गेलेली, कोणी तापाने निजलेली, कोणी "जाऊ दे गं, काय उपयोग" म्हणणारी. ती पुन्हा पुन्हा गेली. शनिवारपर्यंत बेचाळीसच्या बेचाळीस चिठ्ठ्या तिच्या हातात होत्या. रविवारी रेक्टर मॅडम फेरीला आल्या तेव्हा तिने त्यांना माझ्या पेटीखालीच गाठले.

मॅडमनी चष्मा लावून चिठ्ठ्या वाचल्या. चौघींचे नेट ठीक, अडतीस जणींकडे येतच नाही. "मग या अडतीस जणींनी तेव्हाच का नाही सांगितलं?"

"मॅडम, सांगायचं होतं तेही नेटवरच."

मोजणीने बिस्किटांचा पत्र्याचा डबा पुढे केला. "तुमचा फोन एक मिनिट यात ठेवू?" फोन आत ठेवून तिने झाकण घट्ट लावले आणि स्वतःच्या फोनवरून मॅडमचा नंबर लावला. डबा हूं की चूं करेना. झाकण काढून नंबर पुन्हा लावला, तेव्हा फोन खणखणला. मॅडमनी एकदा डब्याकडे पाहिले आणि एकदा वर माझ्या पेटीकडे.

"म्हणजे मीच?"

"तुम्ही जपायला गेलात, मॅडम."

"आणि उघडल्यावर गेला चोरीला, तर? परत सगळ्यांसमोर मी उभी राहू?" मॅडमचा चेहरा उतरला होता. "नाही गं बाई. मला नाही झेपायचं ते."

मोजणीने थोडा विचार केला. "मग परवा माझ्या चाचणीपुरतं उघडा. चाळीस मिनिटं. तुम्ही इथं खुर्ची टाकून बसा, तुमच्या डोळ्यांदेखत राहील. माझी ही शेवटची संधी आहे, मॅडम." मॅडम बराच वेळ किल्ल्यांचा जुडगा चाचपत राहिल्या, मग म्हणाल्या, "चाळीस मिनिटं. एक्केचाळिसावं नाही."

मंगळवारी सकाळी मॅडम स्टुलावर चढल्या. कुलूप गंजले होते. तेलाचे थेंब सोडले, ठोकून पाहिले, तेव्हा कुठे ते कुरकुरत उघडले. पेटीचे दार बाजूला झाले आणि दीड वर्षाने माझ्या अंगाला वारा लागला. मॅडमनी माझ्यावरची धूळ पदराने पुसली. मी जीव खाऊन हाक मारली. सत्तेचाळीस फरशांपलीकडून मोजणीच्या फोनने ओ दिली. मित्रांनो, त्या क्षणी मी रडू शकत असतो तर रडलो असतो.

मजल्यावरच्या सगळ्या मुलींनी ठरवले होते, की चाळीस मिनिटे कोणी नेट वापरायचे नाही. मॅडम खुर्ची टाकून पहाऱ्याला बसल्या. वीस मिनिटे सुरळीत गेली. आणि मग मधल्या कुठल्याशा खोलीने एकदम एवढे मागायला सुरुवात केली, की माझ्या नाकी नऊ आले. माझे दिवे भराभर लुकलुकू लागले. मोजणीचा धागा ताणत चालला होता. मला ओरडता येत नव्हते.

मॅडमनी वर पाहिले. "हा एवढा का तडफडतोय?" त्या ताडकन उठल्या. मग थांबल्या. माझ्याकडे पाहिले, उघड्या दाराकडे पाहिले, जिन्याकडे पाहिले. मी त्यांच्या कपाळावरचा घाम पाहत होतो. आणि पुढच्याच क्षणी त्या मला तसेच उघडे टाकून व्हरांड्यातून पळत सुटल्या. या वयात, साडी सावरत! एकेका दारावर थाप. "कोण आहे गं? बंद कर आधी!" अकराव्या दारातून एक झोपाळू आवाज आला, "अगंबाई! पिक्चर फोनवर आपोआप उतरायला लागला वाटतं." तो बंद झाला आणि माझा श्वास सुटला.

मॅडम परत आल्या त्या धापा टाकत. दरम्यान जिन्यावरून झाडूवाल्या मावशी गेल्या, दूधवाला गेला, तीन अनोळखी मुली हसत खिदळत गेल्या. कोणी माझ्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. मॅडमनी मला जागच्या जागी पाहिले आणि त्या मटकन खुर्चीत बसल्या.

कोपऱ्यातले दार उघडले. मोजणी धावतच आली. "मॅडम! सगळे वीस प्रश्न सुटले! 'उपस्थित' लागलंय, बघा!"

"अगं, हळू. पडशील." मॅडमनी तिच्या फोनवरचा तो शब्द दोनदा वाचला. मोजणीने स्वतःहून कुलूप उचलून त्यांच्या हातात दिले. मॅडमनी ते पिशवीत टाकले. "लोहाराला सांगते, पेटी काढून ने म्हणून. आणि त्या तुझ्या कोऱ्या चिठ्ठ्या आण. खालचे दोन मजले राहिलेत ना? तू दुसरा घे, मी पहिला घेते."

तर मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. आमच्यावर झाकण घालू नका, कपडे वाळत टाकू नका, अधूनमधून धूळ पुसा आणि आम्हाला मोकळ्यावर ठेवा. चोरी झालीच तर एक डबा जाईल. कोंडून ठेवलेत तर एखाद्या मुलीचे वर्ष जाईल. आणि तुम्ही उद्या मोठे साहेब व्हाल, पाहण्या काढाल, तेव्हा आलेली उत्तरे जरूर वाचा. पण ज्यांचे उत्तरच आले नाही, ते सुखात आहेत असे धरून चालू नका. उठा आणि त्यांचे दार वाजवा.