हरवलेला व

माझ्या हातून एक व हरवला आणि त्यापायी आमच्या दादाची अब्रू चव्हाट्यावर आली. आधीच सांगून टाकते, मला त्याचं तिळमात्र वाईट वाटलेलं नाही.

मी शिवणकाम करते. पँटची उंची कमी करायची, चेन बदलायची, पडदे, उशांचे अभ्रे, असली कामं. गल्लीच्या टोकाला माझं दुकान, आणि दुकानाच्या मागच्या दारापासून रान सुरू होतं. खरंखुरं रान, शहराच्या मधोमध, कुणाच्या तरी नजरेतून सुटून राहिलेलं. आता शेजारी मेट्रोचं स्टेशन येणार होतं. स्टेशन म्हटलं की त्याच्याभोवती उंच इमारती आल्या, दुकानं आली, गाड्या लावायला मजल्यावर मजले आले. एवढं सगळं ठेवायचं कुठे? तर रानात.

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, विरोध समितीचा अध्यक्ष होता. निवृत्त हेडमास्तर, दाराची चौकट भरून टाकणारा देह आणि भल्याथोरल्या मिशा. जन्मभर लोकांच्या चुकांना तांबड्या शाईने गोल केलेले, त्यामुळे अजूनही भाजीवाल्याची पाटी दुरुस्त केल्याशिवाय भाजी घेत नाही. मी नवरा स्वतःचा स्वतः शोधला, तेव्हा या गृहस्थाने वर्षभर माझ्याशी अबोला धरला होता. "आमचं बघ," असं तो ऐकवायचा, "सगळं कसं ठरवून झालं. लग्नाआधी आम्ही एकमेकांशी अवाक्षर बोललो नव्हतो." तो हे बोलायला लागला की वहिनी स्वयंपाकघरात भांडी आपटायला लागायची. मला वाटायचं, बिचारी माझ्या बाजूने चिडते आहे.

वहिनी गेली, तेव्हापासून दादा रोज सकाळी रानात जातो. एका जाड बुंध्याच्या झाडाखाली बसतो, पेपर उघडतो आणि वाचत नाही. दुकान उघडताना मला तो मागच्या दारातून दिसतो. पानसुद्धा उलटत नाही. ते झाड गेलं तर हा माणूस सकाळी उठून जाणार कुठे? म्हणून तर त्याचे सगळे टोमणे ऐकूनही समितीचा बॅनर मी फुकट शिवून दिला.

पांढऱ्या चादरीवर लाल कापडाची अक्षरं शिवायची होती. दोनच शब्द, झाडे वाचवा. "शिवून झाल्यावर मला आधी दाखव," दादाने बजावलं होतं. मी दाखवला नाही. मला काय लिहिता येत नाही? अक्षरं कापून टेबलावर ठेवली होती, त्याच टेबलावर एका गिऱ्हाइकाच्या पँटी पडल्या होत्या. पुढे महिन्याभराने गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं की डाव्या पायाला काहीतरी टोचतं, तेव्हा दुमडीतून व निघाला. पण ते पुढे.

सुनावणी पालिकेच्या सभागृहात होती. समोर एक अधिकारी बाई बसल्या होत्या. त्यांना सणसणीत सर्दी झाली होती आणि घरी जायची घाई होती. स्टेशनच्या इंजिनिअरने नकाशा लावला आणि म्हणाला, "मॅडम, रानातली सगळी झाडं अलीकडची लागवड आहे. जुनं एकही नाही. जुनी असती तर नियमाप्रमाणे आम्हाला हात लावता आला नसता, हे मलाही मान्य आहे."

दादाने हात वर केला. गल्लीतला औषधवाला आणि मी दोन्ही बाजूंनी उभे राहिलो आणि आम्ही बॅनर उघडला.

मग मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मी मान वाकडी करून पाहिलं. लालभडक अक्षरांत, चांगल्या दुहेरी टाक्याने शिवलेलं, झाडे वाचा.

"वाचतो की," इंजिनिअर म्हणाला. "कुठल्या पानापासून सुरुवात करू?"

अख्खं सभागृह खो खो हसलं. अधिकारी बाईसुद्धा रुमालाआड हसल्या. दादाच्या मिशा थरथरत होत्या. "अगं, व कुठे गेला?" तो दात-ओठ खात पुटपुटला.

माझं एक आहे. माझी चूक असली की मला जास्त राग येतो.

"बरोबर लिहिलंय!" मी ओरडले. "वाचा म्हणजे वाचाच! तुमच्या माणसांनी झाडं मोजली, पण वाचली कुठे? अख्ख्या गल्लीने त्यांच्यावर नावं कोरून ठेवलीत. सालासकट! वाचा, म्हणजे कळेल किती जुनी आहेत ती."

देवाशपथ सांगते, तोंडातून बाहेर पडेपर्यंत मलाही हे सुचलं नव्हतं. अधिकारी बाईंनी नाक शिंकरलं आणि म्हणाल्या, "जवळच आहे ना? चला."

सगळा लवाजमा रानात शिरला. पहिल्याच खोडावर 'हेडमास्तर मुर्दाबाद' असं होतं. दादाला ते अजिबात दिसलं नाही. पुढच्या खोडावर औषधवाल्याचं नाव होतं आणि त्याच्याशेजारी एका बाईचं नाव, जे त्याच्या बायकोचं नव्हतं. बायको शेजारीच उभी होती. "या नावाची माणसं पुष्कळ असतात," तो म्हणाला. ती काही बोलली नाही, म्हणजे घरी बोलणार होती.

"साल काय, कुणीही काल येऊन कोरेल," इंजिनिअर म्हणाला.

"खरंय," बाई म्हणाल्या. "कोरणारं माणूस समोर हवं. त्याचा जबाब मिळाला, तर तोड थांबवून सगळी झाडं पुन्हा तपासायला लावते. बोला, कोण येतंय पुढे?"

झालं! कालपर्यंत रानासाठी जीव द्यायला निघालेली गल्ली एकदम सोज्वळ झाली. जन्मात कुणी हातात चाकू धरला नव्हता.

चालता चालता आम्ही त्या जाड बुंध्याच्या झाडापाशी आलो. अक्षरं छातीच्या उंचीवर होती. बुंध्याबरोबर तीही आडवी फुगली होती, आम्हा सगळ्यांसारखीच. बाईंनी सालीवरची धूळ झटकली आणि मोठ्याने वाचलं, "चिमणू आणि वाघीण." खाली साल होतं. दादाच्या लग्नाच्या तीन वर्षं आधीचं.

"चिमणू कोण?" बाईंनी विचारलं. लोक हसून लोळायचे बाकी राहिले.

मी दादाकडे पाहिलं. कानाच्या पाळ्या लालबुंद. तो समोरच्या फांदीकडे असा बघत होता, जणू तिथे शुद्धलेखनाची चूक होती. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. वर्षभराचा अबोला, "आमचं बघ", आपटलेली भांडी. वहिनी चिडत नव्हती तर. हसू लपवत होती! एका शब्दात सगळं उट्टं काढता आलं असतं. पण ते सांगायचा हक्क माझा नव्हता.

"कुणी नाही ना?" इंजिनिअरने नकाशाची गुंडाळी केली. "मग सोमवारी काम सुरू करतो."

दादाने झाडावर हात ठेवला. "मी," तो म्हणाला.

"काय? जरा मोठ्याने बोला."

"मी! मी चिमणू!"

एवढा मोठा हशा त्या रानाने कधी ऐकला नसेल. पाखरं उडाली. दादा तसाच उभा राहिला.

"आणि वाघीण?" बाईंनी विचारलं.

आमची वहिनी मांजरालासुद्धा 'बाजूला हो गं बाई' म्हणणारी होती.

"माझी बायको," दादा म्हणाला. "चाकू तिचा होता. झाडाला लागेल, नको, म्हणून मी सांगत होतो. तिने ऐकलं नाही." तो सालीवरच्या अक्षरांवरून बोट फिरवू लागला. "ती गेल्यापासून मला तिला भेटायला दुसरी जागा नाही हो."

मग कुणी हसलं नाही. इंजिनिअरही नकाशाची गुंडाळी उगाच सोडवत बसला. बाईंनी पुन्हा नाक शिंकरलं, पण ते सर्दीचं नव्हतं. तिथेच उभ्या उभ्या त्यांनी जबाब घेतला आणि तोड थांबवली. "नाव काय लिहू?" असं त्यांनी विचारल्यावर दादा घाईघाईने म्हणाला, "ते चिमणू नका लिहू."

परतताना आम्ही दोघंच मागे राहिलो. तो हातात बॅनर घेऊन चालत होता, माझ्याकडे न बघता. मला राहवलं नाही.

"दादा, तुमचं लग्न ठरवून झालं होतं ना रे?"

"ठरवूनच झालं," तो म्हणाला. मागे वळून त्याने झाडाकडे बोट केलं. "तिथे बसून ठरवलं."